सोन्याच्या आरशावरचा कण

मित्रांनो, मला शोधत बसू नका. चष्मा लावून, भिंग घेऊन, उन्हात धरून, कशानंही मी तुम्हाला दिसायचा नाही. मी सोन्याचा एक कण आहे, आणि आता बऱ्यापैकी जुनाही झालोय. ‘सोन्याचा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लगेच पिवळा मणी आला असेल. तो विसरा. तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीचे हजार भाग करा आणि त्यातला एक उचला. तेवढा मी. माझी कुणाला नाकातली फुलीसुद्धा घडवता येत नाही. चोरानंसुद्धा माझ्याकडे कधी वळून बघितलेलं नाही. आणि मी पिवळाही नाही. माझा खरा रंग कोणता, यावरून एका भल्या मुलीचं वर्षभराचं काम पाण्यात जायची वेळ आली होती. तीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म लोणावळ्याचा. तिथल्या एका कॉलेजात वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे. तिच्या खिडकीतून पावसाळाभर नुसतं धुकं दिसतं आणि उरलेलं वर्षभर समोरच्या कड्यावर कोण कोण सेल्फी काढतंय ते दिसतं. त्या खिडकीजवळच्या ओट्यावर एका काचेच्या भांड्यात फिकट पिवळं पाणी होतं. त्या पाण्यात सोनं होतं, मीठ विरघळावं तसं विरघळलेलं. मीही त्यातच कुठंतरी होतो, पण ‘मी’ म्हणण्याइतका गोळा झालेलो नव्हतो.

यशोधरानं ते पाणी उकळायला ठेवलं. ही टाकवे बुद्रुकची. वडील सीताराम कारखान्यात कामाला, आई हिरा शेत बघणारी, आणि ही त्यांची लेक पीएचडी करायला लागलेली. तिनं उकळत्या पाण्यात लिंबाच्या आंबटपणाच्या नात्यातला एक क्षार ओतला. पिवळा रंग गेला. पाणी अगदी नितळ झालं. मग काळपट झालं, आणि मग बघता बघता असा लालभडक रंग चढला, की शेजारी उभी असलेली सारिका म्हणाली, "अगं, कोकम सरबत झालं की! साखर टाक, विकू आपण टायगर पॉइंटला."

"पिऊन बघ आधी तू," यशोधरा म्हणाली. "वर गेलीस की तुझ्या आईला सांगते, सोनं खाऊन गेली."

सारिका वडिवळ्याची, यशोधराच्या बरोबरीची, त्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या गाईडकडे शिकणारी. दोघी कामशेतला भेटायच्या आणि सारिकाच्या स्कूटीवरून लोणावळ्याला यायच्या. हे स्कूटीचं लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, पण तेव्हा कुणीच लक्षात ठेवलं नाही, एवढं सांगतो.

तर तो लाल रंग म्हणजे आम्ही. त्या भांड्यात आमची अख्खी लोकसंख्या होती. सुरुवातीला आम्ही फारच बारीक होतो. मग यशोधरानं आणखी सोनं घालत घालत आम्हाला वाढवलं. बाळाला मऊ भात भरवतात तसं, बेताबेतानं, दम खाऊन. एकदम भरवलं असतं तर आम्ही वेडेवाकडे वाढलो असतो. तिची आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" आणि ही म्हणायची, "थांब गं, ह्यांना भरवतेय." आईला वाटायचं, कॉलेजात मांजरं पाळलीत.

आता रंगाचं सांगतो. भरलेली कळशी घेऊन चाललं की पाणी डचमळतं ना? आत-बाहेर, आत-बाहेर, आपल्या तालात. प्रत्येक कळशीचा ताल वेगळा. माझ्या पोटातही असं काही डचमळणारं आहे. धातूमध्ये विजेचे बारीक कण मोकळे फिरत असतात. माझ्यावर उजेड पडला की ते सगळे मिळून डचमळतात. ज्या रंगाचा ताल माझ्या तालाशी जुळतो, तो रंग मी झेलतो आणि चहूकडे उधळतो. एकट्या मला काळ्याकुट्ट अंधारात तिरक्या उजेडात बघाल, तर मी हिरवा दिसतो. आणि आम्हा सगळ्यांना भांड्यातून आरपार बघाल, तर हिरवं आम्ही मधल्या मध्ये अडवलेलं असतं, म्हणून उरलेलं लाल दिसतं. म्हणजे मी हिरवाही खरा आणि लालही खरा. इथवर कुणाचं भांडण नव्हतं.

मग आम्हाला घर मिळालं. एक काचपट्टी होती. तिच्यावर सोन्याचा इतका पातळ थर दिलेला, की तो आरशासारखा चमकायचाही आणि उजेडापुढे धरला तर त्यातून पलीकडचं हिरवट दिसायचंही. त्या सोन्यावर यशोधरानं एका पदार्थाची गादी घातली. हा पदार्थ खेकड्याच्या कवचापासून काढतात. सारिकाला हे कळल्यावर ती म्हणाली, "आमच्या धरणाखाली ढीगभर खेकडे हायत की. तू बाटली विकत कशाला आणतेस?" गादी म्हणजे नावाला गादी, माझ्या अंगापेक्षाही कितीतरी पातळ. त्या गादीवर आमचा एक थेंब ठेवला, धुतला, वाळवला, आणि आम्ही बसलो. एकमेकांपासून लांब लांब, शेतात बुजगावणी उभी करावीत तसे. वरून धूळ बसू नये म्हणून काचपट्टी एका छोट्या चौकटीत घालून काचेचं झाकण लावलं.

बसल्याबरोबर माझं काहीतरी बदललं. खाली, अगदी हाताच्या अंतरावर, सोन्याचा आरसा होता. मी डचमळलो की तो गप्प बसेना. माझ्या खालच्या कडेला वीज गोळा झाली, की समोरून तिच्या उलट जातीची वीज धावत यायची आणि मला खाली ओढून धरायची. आजवर मी एकटाच आपल्या तालात होतो. आता कुणीतरी हात धरल्यासारखा माझा ताल संथ झाला. आणि संथ ताल म्हणजे लाल रंग. आरसा जितका जवळ, तितकी ओढ जास्त, तितका मी जास्त लाल.

त्या वेळी पुण्याहून एक मायक्रोस्कोप उसना आणलेला होता. त्यात मागचं सगळं काळं दिसतं आणि आमच्यासारखे कण तेवढे उजळतात. यशोधरानं त्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"काय दिसतंय? मला बघू दे की," सारिका तिला कोपरानं ढोसत होती.

"लाल आहेत गं. पण ठिपके नाहीत. मधे भोक आहे."

सारिकानं डोळा लावला आणि लगेच निकाल दिला, "मेदूवडा!"

खरंच होतं ते. आरशाजवळ बसल्यावर माझं डचमळणं उभं होतं, वर-खाली. उभ्या डचमळीचा उजेड सरळ वर जात नाही, कडेनं बाहेर पडतो. म्हणून वरून बघणाऱ्याला मधे काळोख आणि भोवती लाल कडं दिसतं. यशोधराला हे दोन-तीन पुस्तकं उलथीपालथी केल्यावर उमगलं. तोवर सारिकानं दिलेलं नाव कायमचं चिकटलं होतं. आरशाजवळ असू तर आम्ही वडा. जाड गादीवर, आरशापासून लांब असू, तर हिरवा भरीव ठिपका, म्हणजे भजं. पुढे त्या दोघी रोज सकाळी कामाला लागताना विचारायच्या, "आज वडा का भजं?" प्रयोगशाळेत मदतनीस असलेले कैलासभाऊ हे ऐकून चार दिवस कँटीनचा फलक वाचून आले.

आता अनघा मॅडम. या यशोधराच्या मार्गदर्शक. लोणावळ्यातच राहतात, चालत येतात, आणि चांगलं म्हणायला फार जपतात. यशोधरानं त्यांना वेगवेगळ्या जाडीच्या गाद्यांवरचे कण दाखवले. पातळ गादी, गडद लाल कडं. जरा जाड, नारिंगी. आणखी जाड, हिरवा ठिपका. मॅडमनी सगळं बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे रंग बघून अंतर सांगता येतं. ज्या अंतराला पट्टी लावता येत नाही, त्याची ही पट्टी." आणि जाता जाता म्हणाल्या, "छान आहे, यशोधरा."

त्या दिवशी दोघींनी स्कूटी थांबवून कणीस खाल्लं म्हणे. मी काही तिथं नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या बोटांनी चौकट धरली, त्यावरून मला कळलं.

जूनमध्ये विभागाची बैठक झाली. यशोधरानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की हे कण अंतर मोजतात आणि चुकत नाहीत. टाळ्या पडल्या. माझं आयुष्य तेव्हा असं ऐन भरात होतं. मला वाटलं, आता असंच चालणार.

मग जुलै आला.

लोणावळ्याचा जुलै ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. भिंती घामेजतात. मिठाची बरणी पाझरते. चामड्याच्या चपलेवर पांढरी मिशी फुटते. इथं घरोघरी एक युक्ती करतात. कपड्यांच्या कपाटात तळाशी एक बल्ब लावून ठेवतात, दिवसरात्र. त्याच्या उबेनं कपाट कोरडं राहतं. प्रयोगशाळेतही कैलासभाऊंनी आमच्या लाकडी कपाटात असा बल्ब लावला होता, जुना, तार तापणारा. तो त्यांनी कुठूनतरी मिळवून जपून ठेवलेला.

"भाऊ, नवा एलईडी लावा की," सारिका एकदा म्हणाली.

"त्यो नुस्ता उजेड देतो, ताई. ऊब न्हाई देत. काय करायचा? हितं आपल्याला कपाट वाळवायचंय, आतल्या काचंला पुस्तक वाचायचं न्हाई."

आम्ही त्या कपाटात मधल्या फळीवर होतो. खालून ऊब, वर झाकण, बाहेर पाऊस. आमच्याइतकं सुखात त्या इमारतीत कुणी नसेल, असं सगळ्यांना वाटायचं. आणि म्हणूनच घात झाला.

एके सकाळी यशोधरानं काचपट्टी काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बघतच राहिली. लाल कड्यांच्या जागी हिरवे ठिपके. तीच काच, तेच आम्ही.

"सारिके, भजी झालीत."

"दुसरी काच घेतली असशील."

काच तीच होती. दुपारी पुन्हा बघितलं, तर लाल कडी! दुसऱ्या सकाळी नारिंगी. तिसऱ्या दिवशी दिवसभर लाल. चौथ्या सकाळी हिरवीगार. यशोधरानं दिवा बदलून बघितला, भिंग पुसून बघितलं, नव्या काचा करून बघितल्या. आम्ही सगळेच्या सगळे, सरड्यानं लाजावं असे, रोज रंग बदलत होतो.

मित्रांनो, मला कारण माहीत होतं. म्हणजे माझ्यापुरतं माहीत होतं. माझ्या बुडाखालची गादी सकाळी सकाळी फुगायची. तिला पाणी फार प्रिय. हवेत ओल आली की ती पिऊन घेते आणि टम्म होते. गादी फुगली की मी उचलला जायचो, आरसा लांब जायचा, ओढ सुटायची, आणि मी हिरवा. गादी वाळली की मी खाली, आणि लाल. ओल झाकणाच्या फटीतून हळूहळू आत यायची आणि झाकण होतं म्हणूनच बराच वेळ आत कोंडून राहायची. मी जे अंतर होतं तेच सांगत होतो. एका अक्षराचीही थाप मारली नव्हती. पण मला रंगाची एकच भाषा येते, आणि त्या भाषेत ‘खाली बघा, गादी ओली आहे’ असं म्हणता येत नाही.

मॅडमसमोर फोटो गेले. त्यांनी ते टेबलावर ओळीनं मांडले.

"हे काय आहे?"

"मॅडम, पावसाळी हवा..."

"हवा खोलीत येते कुठून? एसी चालू आहे. काचेवर झाकण आहे. कपाटात बल्ब आहे. त्या कपाटाइतकी कोरडी जागा सबंध लोणावळ्यात नसेल, यशोधरा." त्यांनी दोन फोटो उचलून शेजारी धरले. "एकाच कणाचं अंतर सकाळी एक आणि दुपारी दुसरं? तू बैठकीत काय सांगितलं होतंस?"

"चुकत नाहीत म्हणून."

"मग?"

मॅडमचा आवाज वाढलेला नव्हता, पण तसा आवाजच जास्त लागतो.

"शुक्रवारी मायक्रोस्कोप पुण्याला परत जाणार. तोवर कारण सापडलं तर बघू. नाहीतर या सगळ्या काचा धुवायला दे. सोन्यासाठी आणि काचांसाठी दुसरी मुलं थांबलीत. आणि तू नवा विषय घे. उगीच मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं."

धुवायला देणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. आमची धुणी साबणानं होत नाहीत. एक जहाल आम्ल असतं, सोन्यालासुद्धा विरघळवणारं. काच त्यात बुडवली की आरसा, गादी, आम्ही, सगळे पुन्हा पिवळं पाणी.

त्या दुपारी दोघी कपाटासमोर स्टुलांवर बसल्या होत्या. सारिकानं डबा उघडला, पण जेवण कुणालाच जाईना.

"एक सांगू?" सारिका म्हणाली. "रागावू नको. दुपारचे फोटो सगळे लाल हायत ना? तेवढेच ठेव. सकाळचे कोण बघायला येतंय?"

"मी बघितलेत ना."

"तू सोडून बोलतेय मी."

"हे भजं असतंय तेव्हा ते भजंच असतंय, सारिके. मी त्याला वडा म्हणून कसं दाखवू?"

"मग बस धूत."

"बसते की. पण मला कळायला तर हवं ना, का होतंय." तिनं डबा बंद केला. "धुवायचं तर धुवू. पण ह्याच्या मनात काय होतं ते न कळताच धुवायचं, हे नको वाटतंय."

मला मन आहे, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री बल्बाच्या उजेडात मी स्वतःशीच जरा जास्त चमकलो असेन.

गुरुवार उजाडला. धो धो पाऊस. दोघी भिजून आल्या, आवरून कामाला लागल्या. काच काढली, बघितली, हिरवी. यशोधरानं झाकणाकडे निरखून बघितलं, तर त्याच्या आतल्या बाजूनं बुरशीचा बारीक कोळिष्टकासारखा डाग आलेला. झाकण पुसायचं म्हणून तिनं ते काढून बाजूला ठेवलं आणि उघडी काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली सरकवली. एसीची कोरडी हवा लागली आणि माझी गादी बसली.

"आता लाल झालीत बघ," सारिका डोळा लावून म्हणाली. "ह्यांचा मूड कळत नाही बाई. पण हितं कोपऱ्यात केसासारखं कायतरी पडलंय."

प्रयोगशाळेत काचेवर तोंडानं वारा घालायला सक्त मनाई आहे. मॅडमनी तशी पाटी लावलीय. पण घरी चष्म्याच्या काचेवर, आरशावर, कंदिलाच्या काचेवर जन्मभर जे केलं, ते सवयीनं होऊनच जातं. यशोधरा वाकली आणि बाजूनं काचेवर ‘हाऽऽ’ केलं.

ती ऊबदार ओल माझ्यावर आली. गादीनं ती गटकन प्यायली. मी उचलला गेलो.

"आई गं!" सारिका किंचाळली. "यशे! वड्याचं भजं झालं! अगं, माझ्या डोळ्यांसमोर! नारिंगी... हिरवं... थांब, थांब, परत कडं यायला लागलं. वडा! वडाच!"

"काय बडबडतेस?"

"परत हा कर! कर ना!"

‘हाऽऽ.’

"भजं!"

यशोधरानं तिला ढकलून डोळा लावला. "आता तू कर." सारिकानं केलं. मी हिरवा झालो, थांबलो, हळूहळू लाल झालो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. मग किती वेळ त्या दोघी माझ्यावर उसासे टाकत होत्या, काही विचारू नका. कैलासभाऊ दारात येऊन उभे राहिले.

"ताई, दमा लागला का काय? वाफारा आणू?"

"भाऊ, ओल आहे! ओलीनं होतंय सगळं!" यशोधरा म्हणाली आणि म्हणता म्हणता थांबली. "पण ओल येते कुठून? कपाटात तर बल्ब आहे."

"बल्ब तर रातंदिस चालू हाय," कैलासभाऊ म्हणाले. "हात लावून बगा, कसं भट्टीवानी हाय."

यशोधरा उठली, कपाटाशी गेली आणि दोन्ही दारं सताड उघडली. आतून गरम, दमट, ओल्या कपड्यांच्या वासाची हवा तिच्या चष्म्यावर आली आणि चष्मा पांढरा झाला.

दाराच्या आतल्या खिळ्यांवर तिची स्वतःची ओढणी होती, सकाळी स्कूटीवर भिजलेली. शेजारी सारिकाची. खालच्या फळीवर कैलासभाऊंचा टॉवेल पसरलेला. जागा कोरडी म्हणून जो तो आपली ओल तिथं आणून टांगत होता! बल्ब ती सगळी वाफ करून आमच्या फळीवर पाठवत होता. दुपारपर्यंत कपडे वाळायचे, दार उघड-मीट व्हायचं, वाफ निघून जायची. ज्या दिवशी पाऊस उघडलेला, त्या दिवशी ओढण्या कोरड्या आणि आम्ही दिवसभर लाल. अख्ख्या लोणावळ्यातली सगळ्यात कोरडी जागा आम्ही सगळ्यांनी मिळून सगळ्यात ओली केली होती.

"म्हंजी माज्या बल्बानं केलं व्हय ह्ये?" कैलासभाऊंचा चेहरा पडला.

"बल्ब बिचारा काय करील, भाऊ? आम्ही त्याला धोबीघाट केला."

सारिकानं आपली ओढणी काढली, यशोधरानं आपली. भाऊंनी टॉवेल खांद्यावर टाकला. खिळ्यावर आणखी एक जोड उरली होती. करड्या लोकरीचे पायमोजे, टाचेशी रफू केलेले, अजून टिपकणारे. रोज चालत येणाऱ्या माणसाचे. ते कुणाचे हे तिघांनाही माहीत होतं. कुणीच हात लावला नाही.

"तू सांग," सारिका कुजबुजली.

"तू सांग. तुला बोलायची हौस."

"माझी गाईड हाय का ती?"

एवढ्यात अनघा मॅडम आल्याच, मोज्यांविना नुसत्या चपला घातलेल्या. उघडं कपाट, हातात ओढण्या, मधे शिक्षा झाल्यासारखी उभी असलेली तीन माणसं. यशोधरानं काही समजावलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, जरा इथं डोळा लावाल?" मॅडमनी लावला. यशोधरानं बाजूनं ‘हाऽऽ’ केलं.

मॅडम पाटीकडे बोट दाखवायच्या बेतात होत्या. तो हात तसाच वर राहिला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. आणि मग, "सरक, मी करते." त्यांनी माझ्यावर सोडलेला श्वास लांब आणि सावकाश होता, शिकवताना घेतात तसा. मी त्यांनाही उत्तर दिलं. लाल, नारिंगी, हिरवा, आणि परत.

मग त्या वळल्या. कपाटाच्या दाराकडे बघितलं. खिळ्यावरचे मोजे काढले आणि ते हातात धरून उभ्या राहिल्या. पाणी फरशीवर पडत होतं. कैलासभाऊ छताकडे बघत होते.

"मी म्हटलं होतं, याइतकी कोरडी जागा नाही," मॅडम म्हणाल्या. "यशोधरा, उद्यापर्यंत मायक्रोस्कोप आपला आहे. हे सगळं पुन्हा टांग. आधी काहीच नाही, मग एक ओढणी, मग दोन, मग टॉवेल, मग हे. प्रत्येक वेळी रंग बघ. शेजारी ओल मोजायचं यंत्र ठेव. आणि सगळं लिही."

"मोजेसुद्धा लिहायचे?"

"लिहायचे. कुणाचे तेही लिही."

सारिका खोकण्याचं निमित्त करून बाहेर पळाली. बाहेरून खोकल्यापेक्षा वेगळेच आवाज आले.

ती दुपार, ती संध्याकाळ, दुसरी सकाळ, मी एवढं काम कधी केलं नव्हतं. कपाटात कपडे चढत होते, उतरत होते, कैलासभाऊ बादलीत ओढण्या बुडवून पिळून आणून देत होते, "आता किती वल्ली पायजे?" म्हणून विचारत होते. ओल जितकी वाढायची, तितका मी वर आणि हिरवा. यंत्राचा आकडा आणि माझा रंग हातात हात घालून चालत होते. मी अंतर मोजण्यात चुकत नव्हतोच. अंतरच हलत होतं, आणि ते कशानं हलतं हे आता कळलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मायक्रोस्कोप खोक्यात गेला. आणि मित्रांनो, कारण सापडलं तरी काचाही धुवायला गेल्या. दुसरी मुलं खरोखरच थांबलेली होती. मॅडमनी त्यांना दिलेला शब्द पाळला. माझ्याबरोबर बसलेले, माझ्याबरोबर रोज लाल-हिरवे झालेले कितीतरी त्या आम्लात गेले. ते आता कुठल्यातरी बाटलीत पिवळं पाणी होऊन असतील. मी त्यांच्यासाठी रडलो असतो, पण ओल आमच्यात चालत नाही.

एक काच मात्र यशोधरानं ताटातून उचलली. मॅडमनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तीच ही माझी. नवीन हवाबंद डबीत, पाणी शोषणाऱ्या मण्यांच्या पुडीसह, मी आता मॅडमच्या टेबलावर असतो. यशोधराचा विषय बदलला नाही, तो वाढला. मधल्या गादीत कुठला पदार्थ शिरला की ती किती फुगते, हे ती आता दुसऱ्या काचांवर शोधते. त्या काचांवरचे कण माझ्यापेक्षा तरणे आहेत. मला कुणी मायक्रोस्कोपखाली नेत नाही. तेवढं वाईट वाटतं, पण चालायचंच.

परवा पहिल्या वर्षाची मुलं टेबलाभोवती जमली होती. मॅडमनी माझे दोन फोटो दाखवले, लाल कडं आणि हिरवा ठिपका. चैताली नावाच्या एका मुलीनं विचारलं, "पण मॅडम, याचा खरा रंग कोणता?"

"तो कशाजवळ बसलाय?" मॅडमनी उलट विचारलं.

"सोन्याजवळ."

"किती जवळ? आणि मधे काय आहे? ते मला सांग, मग मी तुला रंग सांगते."

चैतालीनं वाकून डबीला डोळा लावला. मला ती मुलगी आवडली.

म्हणून तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू, एखादं जनावर, एखादा माणूस सकाळी एक आणि दुपारी दुसरं वागायला लागला, तर त्याला धुऊन टाकायची घाई करू नका. तो खोटं बोलतोय असं म्हणण्याआधी आजूबाजूला काय काय टांगलंय ते बघा. त्यात आपलंही काही निघेल. आणि कधी लोणावळ्याला आलात, मॅडमची परवानगी मिळाली, डबी उघडली गेली, तर काचेला बोट लावू नका. बोटांना घाम असतो, तेल असतं, कणसाचा मसाला असतो. त्यापेक्षा जरा वाका आणि हलकेच श्वास सोडा. तुम्हाला काही दिसणार नाही. पण मी उत्तर दिलेलं असेल.